दोन विद्यांचे कलम : विद्यापीठे संशोधनाचे अर्ज कसे पारखतात



वसंतातील व्याख्यानमालेला विषय असावा तो एखाद्या संताचा, एखाद्या वीराचा, निदान प्रवासवर्णनाचा तरी. आंबा पाडाला लागलेला आहे, मुंबईची मंडळी गावी आलेली आहेत, आणि अशा सायंकाळी विद्यापीठातल्या अर्जांची आणि गुणपत्रकांची गोष्ट ऐकायला कोण बसणार, अशी शंका माझ्या मनात आली होती. तरीही हाच विषय घेतला, याची कारणे दोन. पहिले असे की, विद्यापीठ संशोधनासाठी जो पैसा वाटते तो अखेर विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून गेलेला असतो. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या गावाचे जे खरे प्रश्न आहेत, ते कोणत्याही एका शास्त्राच्या कपाटात मावणारे नाहीत. आणि जे एका कपाटात मावत नाही त्याला पैसा मिळणे आजही कठीण जाते. असे का होते, आणि तसे होऊ नये म्हणून काय करता येते, एवढेच मला आज उलगडून सांगायचे आहे.

प्रथम एक उदाहरण समोर ठेवू. पूर्णगडचा किल्ला मुचकुंदीच्या मुखाशी उभा आहे. खाडीवरचा पूल ओलांडून गावखडीला उतरले आणि दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर राजापूर तालुक्यातील कशेळी लागते. कनकादित्याचे कशेळी म्हणून ते आपणांस ठाऊक आहेच. त्या कशेळीच्या सड्यावर, उघड्या जांभ्या दगडात, एका प्रचंड हत्तीची आकृती कोरलेली आहे. तिची लांबी सुमारे १८ मीटर भरते, आणि तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांची चित्रे आहेत. अशा कातळशिल्पांची ठिकाणे रत्नागिरी जिल्ह्यात पुष्कळ आहेत. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून ती नोंदवली, आणि २०२२ साली कोकणातील या शिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे, देवी हसोळ, रुंढ्ये तळी ही नावे त्या यादीत कशेळीबरोबर आहेत.

आता विचार करा. ही चित्रे कोणी काढली, केव्हा काढली आणि कशासाठी काढली? पुरातत्त्वज्ञ त्यांना मध्याश्मयुगापर्यंत मागे नेण्याच्या विचारात आहेत. परंतु जुन्या वस्तूचे वय ठरवण्याची जी कर्बमापनाची रीत आहे, तिला लाकूड, कोळसा, हाड असा काहीतरी सजीवाचा अंश लागतो. कातळात पाडलेल्या खाचेत तो कोठून मिळणार? तेव्हा जांभा किती वेगाने झिजतो हे सांगायला भूशास्त्रज्ञ हवा. चित्रातले प्राणी कोणते, आणि ते या भूमीवर कधी वावरत होते, हे सांगायला प्राणिशास्त्रज्ञ हवा. पावसाळ्यात सड्यावर जी इवलीशी फुले चार महिने येऊन जातात, त्यांच्या मुळांचा आणि शेवाळाचा त्या खाचांवर काय परिणाम होतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञच सांगू शकेल. आणि काही गावांतील लोकांना ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती; त्यांच्या आठवणी, त्यांच्या कथा आणि सड्याच्या त्या त्या भागाला त्यांनी दिलेली नावे टिपायला लोकसाहित्याचा जाणकार हवा. प्रश्न एक, विद्या चार! अशा कामाला विद्यापीठाच्या भाषेत ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ असे लांबलचक नाव आहे.

समजा, या चार विद्यांच्या चार प्राध्यापकांनी एकत्र येऊन आपल्या विद्यापीठाकडे एक अर्ज केला. त्या अर्जाचे पुढे काय होते?

विद्यापीठाचे अंतर्गत अनुदान म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. संशोधनाला मोठा पैसा द्यायचा तो केंद्र सरकारच्या संस्था देतात. त्यासाठी २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ ही नवी संस्था स्थापन झाली आहे. परंतु अशा संस्थेच्या दारात जाणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की ‘आजवर या विषयात तुमच्या हाती काय लागले आहे?’ ज्याने अद्याप कामच सुरू केलेले नाही, त्याच्या हाती काय असणार? ही अडचण ओळखून विद्यापीठे आपल्या पदरचा थोडासा पैसा बाजूला काढतात. मुंबई विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांना लघुसंशोधन प्रकल्पांसाठी असे अनुदान देत आले आहे. पवईची मुंबई आय.आय.टी. नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाला आरंभीचे अनुदान देते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने जीवशास्त्र आणि इतर शास्त्रे यांची सांगड घालणाऱ्या कामांसाठी २००० सालापासून एक बीज-अनुदान चालवले आहे, आणि त्याची अटच अशी की निरनिराळ्या विभागांतील माणसांनी एकत्र येऊन अर्ज करावा. थोडक्यात, हा पैसा पिकाचा नव्हे, बियाण्याचा आहे. रक्कम लहान, मुदत वर्षा-दोन वर्षांची, आणि अपेक्षा एवढीच की रोप तग धरते की नाही हे कळावे.

अर्जाचा प्रवास साधारणपणे असा असतो. प्रथम परिपत्रक निघते. अर्जदार ठरावीक नमुन्यात आपला प्रश्न, त्या विषयात आजवर झालेले काम, आपली रीत, कामाचे वेळापत्रक आणि अंदाजपत्रक लिहून देतो. विभागप्रमुखाची किंवा प्राचार्यांची स्वाक्षरी घेतो. मग कचेरीत छाननी होते : अर्जदार पात्र आहे काय, मागील अनुदानाचा हिशेब दिला आहे काय, माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असल्यास नीतिसमितीची संमती आहे काय. या चाळणीतून उरलेले अर्ज दोन किंवा तीन परीक्षकांकडे जातात. ते ठरावीक मुद्द्यांवर गुण देतात. विषयाचे महत्त्व, कल्पनेचे नावीन्य, रीतीचा भक्कमपणा, अर्जदाराची तयारी, खर्चाचा वाजवीपणा, असे ते मुद्दे असतात. पुष्कळ ठिकाणी त्यानंतर अर्जदाराला समितीपुढे दहा-पंधरा मिनिटे बोलायची संधी मिळते. गुणांची बेरीज होते, क्रम लागतो, जितका पैसा असेल तितक्या नावांखाली रेघ ओढली जाते, आणि कुलगुरूंच्या मान्यतेने यादी जाहीर होते. पुढे प्रगतीचा अहवाल, खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र आणि अखेरचा अहवाल हे ओघाने आलेच.

या रीतीत वरवर पाहता दोष काढण्यासारखे काही नाही. एखादा रसायनशास्त्रज्ञ रसायनाचा अर्ज करतो, दुसरे दोन रसायनशास्त्रज्ञ तो तपासतात. सोन्याची पारख सोनाराने केली. पण आपला कातळशिल्पांचा अर्ज कोणत्या सोनाराकडे पाठवायचा? भूशास्त्रज्ञाकडे पाठवला, तर तो म्हणतो, ‘जांभ्याच्या झिजेविषयी यात नवे काही नाही, नेहमीचीच मापने आहेत.’ पुरातत्त्वज्ञाकडे पाठवला, तर तो म्हणतो, ‘उत्खनन कोठे आहे?’ लोकसाहित्याचा परीक्षक म्हणतो, ‘कथा गोळा करणार, पण त्यांचा अर्थ लावण्याची चौकट दिसत नाही.’ प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या अंगणात खरे आहे. मात्र चारही अंगणांच्या मधोमध जो प्रश्न उभा आहे, त्याच्याकडे कोणीच पाहिलेले नाही!

ही केवळ माझी तक्रार नव्हे. ऑस्ट्रेलियातील संशोधन परिषदेकडे पाच वर्षांत आलेल्या १८,४७६ अर्जांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अर्जातील विद्या एकमेकींपासून जितक्या दूरच्या, तितकी त्याला अनुदान मिळण्याची शक्यता कमी, असे त्यात सातत्याने आढळून आले. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अग्रगण्य विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील अंतर्गत अनुदानाविषयी एक निबंध आला. तेथे १५० अर्ज १४२ परीक्षकांनी तपासले, आणि कोणता अर्ज कोणाकडे जावा हे मुद्दाम सोडत काढून ठरवले होते. निष्कर्ष मोठा मार्मिक निघाला. परीक्षक आपल्या स्वतःच्या विषयाच्या जितका जवळचा, तितके तो गुण कमी देतो. आणि कल्पना जितकी अपरिचित, तितकेही गुण कमीच मिळतात. म्हणजे घरच्याने दोष काढावेत आणि परक्याने ओळख देऊ नये, अशी नव्या कल्पनेची स्थिती होते. आणखी एक अभ्यास २०१८ सालचा आहे. अमेरिकेतील ४३ परीक्षकांना कर्करोगाविषयीचे २५ अर्ज देण्यात आले. एकाच अर्जाविषयी निरनिराळ्या परीक्षकांचे मत जुळते काय, हे पाहायचे होते. ते जवळजवळ जुळलेच नाही. एकाच विषयाच्या तज्ज्ञांची ही कथा. मग चार विषयांच्या तज्ज्ञांविषयी काय बोलावे?

येथे मला माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या अशाच समितीवर मी सभासद म्हणून बसलो होतो. एक अर्ज होता मराठीच्या अध्यापिकेचा आणि वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाचा. जात्यावरच्या ओव्यांत भाताच्या ज्या जुन्या जातींची नावे येतात, ती टिपायची आणि त्यांतल्या कोणत्या जातींचे बियाणे अद्याप कोणा शेतकऱ्याच्या घरी शिल्लक आहे, त्याचा शोध घ्यायचा, अशी त्यांची योजना होती. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षकाने ८४ गुण दिले. भाषेच्या परीक्षकाने ४२ दिले आणि शेरा मारला, ‘यात भाषेचे संशोधन ते कोणते?’ सरासरी आली ६३. मर्यादा होती ६५ ची. त्याच यादीत एक अर्ज असा होता, की त्याला एकाने ६८ आणि दुसऱ्याने ६६ दिले होते. तो कोणालाच विशेष आवडला नव्हता, पण कोणाला खुपलाही नव्हता. तो ६७ च्या सरासरीने पार झाला. दुपार टळून गेली होती, चहा येऊन थंड झाला होता, आणि एकाच अर्जावर दोन परीक्षकांत ४२ गुणांचे अंतर का पडले, हे विचारायचे माझ्या ओठावर आले होते. मी विचारले नाही.

नाकारलेला अर्ज सुधारून पुन्हा करता येतो, असे आम्ही नेहमी म्हणतो. एका विषयाचा अर्ज पुन्हा येतोही. कारण तो माणूस तेथेच असतो, त्याचा विषयही तोच असतो. तो ओव्यांचा अर्ज मात्र परत आला नाही. अध्यापिकेची बदली दुसऱ्या गावी झाली, वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या नेहमीच्या कामाला लागला. दोन विद्यांची जोडी ही दोन माणसांची जोडी असते; ती एकदा सुटली की सहसा पुन्हा जुळत नाही. आणि दरम्यान ओव्या म्हणणाऱ्या आजीबाई आपल्यासाठी थांबून राहत नाहीत. म्हणून अशा अर्जाला मिळालेला नकार हा इतर नकारांपेक्षा अधिक महाग असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग पारख कशी करावी? येथे आपल्या बागेतलीच एक उपमा मला उपयोगी वाटते. कोयकलम कसे बांधतात हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल, कित्येकांनी स्वतः केलेही असेल. कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि वरून पट्टी बांधायची. आता या कलमाची परीक्षा तीन ठिकाणी होते. खुंट निरोगी आहे काय? काडी चांगल्या झाडाची आहे काय? आणि सांधा जुळला आहे काय? खुंट आणि काडी दोन्ही उत्तम असूनही सांधा न जुळल्यास हाती येते ती पट्टीने बांधलेली दोन लाकडे!

अर्जाची परीक्षाही याच तीन ठिकाणी झाली पाहिजे. पहिली दोन सोपी आहेत. भूशास्त्राचा भाग भूशास्त्रज्ञाने आपल्या मापाने तपासावा, लोकसाहित्याचा भाग त्या विषयाच्या जाणकाराने आपल्या मापाने. एकाच्या फुटपट्टीने दुसऱ्याचे काम मोजू नये. मिशेल लामाँ या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतील अशा अनेक समित्यांचे काम जवळून पाहून २००९ साली एक ग्रंथ लिहिला आहे. चांगल्या समितीतील सभासद दुसऱ्याच्या विद्येच्या अधिकाराचा मान ठेवतात, आणि ‘तू माझ्या माणसाला दे, मी तुझ्या माणसाला देतो’ असा सौदा टाळतात, असे त्यांना दिसले. हा मान ठेवणे ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नाही. त्याशिवाय न्याय होतच नाही.

तिसरी परीक्षा, म्हणजे सांध्याची, हीच खरी परीक्षा होय, आणि तिच्यासाठी बहुतेक गुणपत्रकांत रकानाच नसतो. सांधा तपासायचा तो काही सरळ प्रश्नांनी. हा प्रश्न एका विद्येने सुटला असता काय? सुटला असता, तर दुसरी विद्या केवळ शोभेला जोडली आहे. एकीचे उत्तर दुसरीच्या हातात केव्हा आणि कसे जाणार? आपल्या उदाहरणात, सड्याच्या ज्या भागाविषयी ग्रामस्थ एखादी कथा सांगतात त्याच भागातील झीज भूशास्त्रज्ञ आधी मोजणार असेल, तर सांधा आहे. दोघे आपापली टिपणे घेऊन शेवटी एकाच पुठ्ठ्यात बांधणार असतील, तर नुसती पट्टी आहे. दोघांची मते एकमेकांशी जुळली नाहीत तर काय करणार, याचा विचार अर्जात आहे काय? आणि आपल्या रीतीची मर्यादा कोठे संपते, हे अर्जदारांना कळले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे कागदावर नीट येत नाहीत. म्हणून अशा अर्जदारांना समोर बोलवावे, आणि दोघांना एकत्र बोलवावे. एकाच्या कामाविषयी दुसऱ्याला विचारावे. पाच मिनिटांत सांधा जुळला आहे की नाही ते दिसते.

यावरून कार्यपद्धतीच्या काही गोष्टी आपोआप निघतात. गुणांत फार मोठे अंतर पडले, तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. ते अंतर म्हणजे ‘येथे थांबा’ अशी खूण समजावी आणि त्या अर्जावर तोंडी चर्चा करावी. कधी तो अर्ज खरोखरच कच्चा निघेल, कधी तो यादीतला सर्वांत मोलाचा निघेल. पण न बोलता ते कळणार नाही. परीक्षकांत निदान एक जण असा असावा, ज्याने स्वतः दोन विद्यांच्या सीमेवर काम केले आहे. विद्यापीठ हे लहान गावासारखे असते; तेथे सर्व जण सर्वांना ओळखतात आणि एकाच थैलीवर सर्वांचा डोळा असतो. म्हणून ज्याचा संबंध असेल त्याने चर्चेच्या वेळी उठून बाहेर जावे. यात कमीपणा काही नाही. नकाराची कारणे लेखी द्यावीत. आणि अंदाजपत्रकाला सरसकट कात्री लावू नये. सर्वांचा एकपंचमांश कमी केला की समितीला न्याय केल्यासारखे वाटते. परंतु त्या कात्रीत नेमका लोकसाहित्याच्या माणसाचा प्रवासखर्च गेला, तर उरते काय? नुसता खुंट.

वेळेचीही गोष्ट आहे. सड्यावर मोजमाप करायचे ते पाऊस संपून गवत वाळल्यावर, म्हणजे फार तर दिवाळी ते मे. मंजुरी माघात आली आणि हिशेब मार्चअखेर पुरा करायचा असला, तर पैसा असूनही काम होत नाही. अनुदान लहान असले तरी चालते. ते वेळेवर आणि पुढच्या वर्षात नेता येईल असे हवे.

आणि इतके करूनही सीमारेषेवरचे दहा-बारा अर्ज असे उरतातच, की त्यांच्यात डावे-उजवे करता येत नाही. अशा वेळी काय करावे? आपल्या देवळात आपण कौल लावतो! न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून काही अनुदानांसाठी, आणि ब्रिटिश अकादमीने २०२२ पासून आपल्या लहान अनुदानांसाठी, जवळजवळ तोच मार्ग धरला आहे. किमान कसोटीला उतरलेल्या अर्जांमधून चिठ्ठी काढून निवड करायची. हे ऐकून हसू येते. पण त्यामागचा विचार प्रामाणिक आहे. जेथे आपल्याला फरक कळत नाही, तेथे कळल्याचा आव आणून आपल्या ओळखीच्या माणसाला वर ढकलण्यापेक्षा चिठ्ठी बरी.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? ज्याने त्याने आपापल्या विद्येत खोल जावे हे काय वाईट? वाईट मुळीच नाही. खुंटाशिवाय कलम नाही, हे विसरून चालणार नाही. पण आपल्याच भाषेच्या मुलखातली दोन उदाहरणे पाहा. गोव्यातील कोसबे गावी १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. नाणी हातोहात फिरताना झिजतात, तेव्हा वजनांच्या सरासरीवरून आणि त्यांतील फरकांवरून नाणी किती काळ चलनात होती हे सांगता येईल, या विचाराने त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घालून मोजली आणि १९४० साली त्यावर निबंध लिहिला. पुढे १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरचा ग्रंथ आला. आनुवंशिकी शास्त्रातही त्यांच्या नावाचे एक सूत्र आजही वापरात आहे. आता कल्पना करा, की जुनी नाणी तोलण्यासाठी या गणितज्ञाने एखाद्या समितीकडे अर्ज केला आहे. गणिताचा परीक्षक म्हणेल, यात नवे गणित नाही. इतिहासाचा म्हणेल, हा इतिहासकार नाही. सरासरी किती येईल, ते आपणच सांगा!

दुसरे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ पासून पंधराएक वर्षे उत्खनन चालले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामात जळलेले धान्य वनस्पतीच्या जाणकाराने ओळखले, हाडे प्राण्यांच्या जाणकाराने, मानवी सांगाडे मानवशास्त्रज्ञाने. त्यामुळे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ते शेतकरी काय पेरत आणि काय खात होते, याचे चित्र आपल्याला मिळाले. नुसती खापरे मोजून ते मिळाले नसते. हे जमले याचे कारण त्या संस्थेत ही सर्व माणसे एकाच छपराखाली होती, आणि सांधा जुळवायला वेगळा अर्ज करावा लागत नव्हता.

प्रत्येक ठिकाणी असे छप्पर नसते. म्हणूनच नियमांची गरज पडते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ याने विद्यापीठांत चार विद्याशाखा केल्या. त्यांतली चौथी ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ या नावाची आहे. नाव उत्तम. परंतु तिच्यात मुख्यतः शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या यांसारखे विषय येतात. ते विषय महत्त्वाचेच आहेत. पण भूशास्त्रज्ञाने आणि लोकसाहित्याच्या अध्यापकाने मिळून केलेला अर्ज या चौथ्या खोलीत आपोआप जातो असे नाही. नवी खोली बांधल्याने दोन खोल्यांमधले दार उघडत नाही. ते दार अनुदान-समितीच्या टेबलावरच उघडावे लागते.

आपण सामान्य नागरिक. यात आपण काय करू शकतो? पुष्कळ करू शकतो. आपल्या विद्यापीठाने या वर्षी कोणत्या कामांना किती पैसा दिला, त्यांत आपल्या जिल्ह्याचे प्रश्न किती होते, आणि दोन विद्या जोडणारी कामे किती, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. शिवाय, सांध्यातला एक भाग आपल्याकडेच आहे. उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीत खाडीचे पाणी कोठवर चढते, कोणत्या सड्याला काय म्हणतात, कोणत्या खाचेत पूर्वी पाणी साचत असे, हे पुस्तकात नाही, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या स्मरणात आहे. उद्या एखादा अध्यापक वही घेऊन दारात आला, तर त्याला बसायला पाट द्या आणि सांगा.

कारण सडा वाट पाहत नाही. जांभ्याला चिरेखाणींकडून मागणी आहे, बागांसाठी कातळ फोडला जातो, रस्ते रुंद होतात. हेही सारे माणसाच्या गरजेसाठीच चालले आहे; त्याला दोष देऊन भागत नाही. पण एखाद्या कातळावर काय आहे हे कळण्यापूर्वीच तो चिरा होऊन भिंतीत गेला, तर पुढे कितीही मोठे अनुदान मिळाले तरी ते चित्र परत येणार नाही. म्हणून त्या लहानशा खोलीत, त्या थंड झालेल्या चहापुढे, ६३ च्या आकड्यावर थांबून कोणीतरी एकाने विचारले पाहिजे : ‘या दोघांची मते इतकी वेगळी का पडली?’ मी ते विचारले नाही. माझ्यानंतर तेथे बसणाऱ्यांनी विचारावे, एवढ्यासाठीच आज आपला वेळ घेतला.